जुन्या मोटारीचा व्यवहार



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी शोभते, लोकशाहीचे भवितव्य शोभते, फार तर ग्रहगोल शोभतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, त्या वेळी जुनी मोटार कशी घ्यावी यावर कोणी तासभर बोलेल ही कल्पना कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. कारण नवी मोटारही तेव्हा जन्मास यावयाची होती. बेन्झने आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. तरीही चालकांनी हा विषय आम्हांस दिला, आणि सोबत श्रोत्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठाही दिला. चिठ्ठ्या वाचल्यावर विषयाचे औचित्य आमच्या ध्यानी आले. घर आणि जमीन सोडली, तर आपल्या भागातल्या कुटुंबाच्या हातून एका वेळी जाणारी सर्वांत मोठी रक्कम पुष्कळदा जुन्या मोटारीपायीच जाते. जमिनीचे खरेदीखत करताना आपण वकील गाठतो, सात-बारा पाहतो, चतुःसीमा वाचतो. तीन लाखांची मोटार मात्र चहा पितापिता ठरते.

पहिली चिठ्ठी अशी : ‘जुनी गाडी घेणे शहाणपणाचे की नवी?’ याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आले आहे. उत्तरपाड्याची अँबेसेडर आणि कुर्ल्याची फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, या दोनच गाड्या मुख्यतः ज्या काळात मिळत, त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. म्हणून चालू स्थितीतली जुनी गाडी कधीकधी नव्या गाडीच्या किमतीहूनही महाग विके. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू हा प्रकार संपला. आज नवी गाडी दुकानातून बाहेर पडली की तिचा भाव उतरू लागतो. विमा कंपन्यांच्या हिशेबात सहा महिन्यांपर्यंतच पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, तिसऱ्या वर्षाअखेर तीस आणि पाचव्या वर्षाअखेर पन्नास टक्के घट धरतात. हा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, आणि जुन्या गाडीचा खरा फायदा तेवढाच आहे. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात लहान मोटारींवरील जी.एस.टी. अठरा टक्क्यांवर आला व नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. तेव्हा कोणी आपल्या गाडीचा भाव त्या आधीच्या नव्या किमतीवरून सांगत असेल, तर आजची नवी किंमत विचारून मग बोलणी करावी.

आता गाडी पाहावी कशी? ही विद्या आपल्या जिल्ह्यास नवी नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यांनी लाल कंधारी किंवा देवणी बैल घेतला आहे, त्यांना आम्ही काय शिकवावे? बैल दोनदाती की चारदाती की जुळलेला हे जबडा उघडून पाहतात, खांदा चाचपतात, चालवून पाहतात, आणि शिंगे रंगवून, झूल घालून उभा केला असेल तर झूल काढावयास लावतात. मोटारीची झूल म्हणजे तिचा नवा रंग. दात म्हणजे किलोमीटरचा आकडा. पण हे दात कानशीने घासता येतात एवढे लक्षात ठेवावे. आजचे आकडे विजेवर चालतात आणि ते मागे घेणारी माणसे शहरोशहरी आहेत. म्हणून आकड्यावर न जाता पायाकडे पाहावे. क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, चालकाच्या आसनाची कड बसली आहे, स्टेअरिंगचे कातडे चकाकते आहे, आणि आकडा मात्र पस्तीस हजार दाखवतो, तर त्या आकड्याला नमस्कार करून पुढे जावे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात गाडी जात असेल, तर तेथे दर खेपेचे किलोमीटर टिपलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन ती नोंद मागावी.

गाडी नेहमी सकाळी, उजेडात आणि थंड इंजिनावर पाहावी. आम्ही येत आहोत, तोवर गाडी सुरू करू नका असे आधी कळवावे, आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर कारण विचारावे; तापलेले इंजिन आपले पुष्कळ दोष लपवते. सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर हरकत नाही, पण तो येतच राहिला तर कूलंटचे पाणी आत जात असण्याचा संभव आहे. ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आत ताकाच्या लोण्यासारखा थर दिसला तर ऑइलात पाणी मिसळते आहे असा संशय धरावा. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो मुळी लागलाच नाही, तर फुटलेली एअरबॅग न बदलता कोणी दिव्याचीच वायर तोडली असेल.

अपघाताची खूण रंगात शोधू नये, कडांत शोधावी. दाराच्या रबरावर रंगाचे तुषार आहेत काय, बॉनेटच्या बिजागरीच्या नटांवर पाना फिरल्याचे ओरखडे आहेत काय, पुढच्या दोन खांबांच्या वेल्डिंगचे ठिपके दोन्हीकडे सारखे आहेत काय? पुरात बुडालेली गाडी ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. वरचा भाग धुतलेला असतो. गुंडाळीच्या तळाशी राहिलेला पट्टा धुण्याचे कोणास सुचत नाही, आणि तेथे गाळाची रेघ असते. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज, गालिच्याखाली ओल व कुबट वास, याही त्याच जातीच्या खुणा. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ साली सांगली-कोल्हापूर बुडाले, २०२५ साली आपल्याच मराठवाड्यात नद्यांनी शिवार धुऊन नेले. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या स्वच्छ होऊन लांबच्या गावी स्वस्तात विकावयास निघतात.

कागदांकडे वळतो, हा भाग रुक्ष आहे, पण फसवणूक येथेच अधिक होते. इस्लापूरकरांना तर कागद आणि सरहद्द यांचा संबंध वेगळा समजावून सांगावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात आपल्या गावाचे नाव स्पष्ट लिहिले आहे : अदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, आणि त्याबरोबर किनवट व राजुरा हे तालुके. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सर्कल मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली महाराष्ट्रात. माणसे जागची हलली नाहीत, राज्य मात्र बदलले. मोटारीचे याच्या उलट आहे. अदिलाबाद, निर्मल, भैंसा ही गावे आपल्याला जवळची. तेथे गाडी दिसते, आवडते, आणि दोन-तीन तासांत ती राज्य ओलांडून आपल्या दारी उभी राहते. कागद मात्र पलीकडेच राहतात. टी.एस. किंवा टी.जी. क्रमांकाची अशी गाडी वर्षानुवर्षे तशीच फिरवणारे आपल्याकडे थोडे नाहीत.

कायदा असा आहे की, परराज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली, तर येथला क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, तो नमुना २८ वर मिळतो. आणि गाडीच्या वयाप्रमाणे येथला कर भरावा लागतो. गाडी तिकडे स्वस्त दिसते तिचे अर्धे कारण या करात असते. म्हणून किंमत ठरवण्याआधी नांदेडच्या आर.टी.ओ. कार्यालयात कराचा आकडा विचारावा आणि ना-हरकत दाखला हाती आल्यावाचून पूर्ण पैसे देऊ नयेत. तो दाखला विकणाऱ्यानेच काढावयाचा असतो. ‘दाखला मागून देतो’ या शब्दांवर गाडी आणणारास पुढे त्या गावाच्या किती खेपा पडतात, हे ज्यांना पडल्या त्यांनाच विचारावे.

आपल्याच राज्यातील व्यवहार त्यामानाने सोपा. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या; विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.स कळवावयाचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत आपले नाव लावून घ्यावयाचे. सात-बाऱ्यावर बोजा असतो तसा गाडीवरही असतो. नोंदणीच्या पुस्तकात बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ हवा. नुसते ‘कर्ज केव्हाच फेडले’ हे चालत नाही. सरकारच्या परिवहन ॲपवर क्रमांक घातला की नोंदणी केव्हाची, विमा कधीपर्यंत, बोजा कोणाचा हे घरबसल्या दिसते. थकलेली ई-चलनेही पाहून घ्यावीत, आणि चॅसिसचा क्रमांक पुस्तकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. पंधरा वर्षे झालेली गाडी स्वस्त मिळते. पण तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते, आणि २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली. शिवाय पर्यावरण कर निराळा, आणि वीस वर्षांपलीकडे दर आणखी चढतो.

दलालाविषयीही एका गृहस्थांनी विचारले आहे. दलाल वाईटच असतात असे आमचे मत नाही; चांगला दलाल चार गाड्या एका दिवसात दाखवतो. १ एप्रिल २०२३ पासून मात्र जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-क प्रमाणे तशी ऑनलाइन नोंद होते. तेथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची मानली जाते. म्हणून प्रथम अधिकारपत्र पाहावे. ज्याच्याजवळ ते नाही आणि जो कोऱ्या नमुन्यांवर सह्या मागतो, त्याच्याकडचा चहा पिऊन उठावे.

आता विमा. गठ्ठ्यातल्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या याच विषयावर आहेत, आणि ‘थर्ड पार्टी आहे, मग काळजी नाही’ हे वाक्य त्यांत वारंवार आले आहे. हा तिसरा पक्ष म्हणजे कोण, ते पाहू. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस, ज्याला आपल्या गाडीची इजा होते. त्याच्यासाठी हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. २०२२ साली ठरलेल्या दराने १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, त्यावर कर वेगळा. विमा नसल्याचा पहिला दंड २,००० रुपये व पुढचा ४,००० रुपये. पण दंड ही यातली किरकोळ गोष्ट आहे.

समजा, लग्नसराईत आपण आपल्या गाडीत मेहुणी, तिची मुले आणि एक शेजारी यांना घेऊन भोकरच्या बाजूस निघालो, आणि वळणावर गाडी उलटली. नुसता सक्तीचा विमा असेल, तर खासगी मोटारीत बसलेले हे पाहुणे त्यात येत नाहीत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बाळकृष्णन यांच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आहे : पॅकेज, म्हणजे सर्वंकष पॉलिसी असेल तर बसणाऱ्यांची जबाबदारी कंपनीवर येते, नुसत्या ‘ॲक्ट पॉलिसी’त ती येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या जुन्या गाडीला ‘पत्र्याचा विमा कशाला?’ असे म्हणून जे लोक पैसे वाचवतात, त्यांनी पत्र्याचा विचार बाजूस ठेवावा आणि मागच्या आसनाकडे वळून पाहावे. आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्या गाडीतून घरची आणि शेजारची माणसे जातात, ती कितीही जुनी असो, कंपनी देत असेल तोवर तिला पॅकेज पॉलिसीच घ्यावी. शिवाय चालक-मालकाचा स्वतःचा पंधरा लाखांचा अपघात विमा, तो निराळा आहे हे विसरू नये.

याला जोडून एक अप्रिय गोष्ट. किनवट ते हिमायतनगर खासगी क्रमांकाच्या गाडीत भाड्याने माणसे बसवतात, हे सर्वांस ठाऊक आहे. भाडे घेतले की पॉलिसीची अट मोडते. गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते, आणि जखमींना कंपनीने पैसे दिले तरी ते पुन्हा मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय तिला देऊ शकते. पन्नास रुपयांच्या भाड्यापायी शेत विकण्याची पाळी येते ती अशी.

जुनी गाडी घेतल्यावर विक्रेत्याचा विमा आपोआप आपला होतो काय? अर्धा होतो. तिसऱ्या पक्षापुरता तो गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव घालून घ्यावे लागते, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. दुसरे, विक्रेत्याने वर्षानुवर्षे दावा न करून मिळवलेली सूट, जी वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. ‘पन्नास टक्के सूट चालू आहे’ असे सांगून कोणी भाव वाढवत असेल, तर ती सूट त्याने स्वतःजवळ ठेवून पुढच्या गाडीस वापरावी. आपल्याला तो फरक भरावाच लागणार. पाच वर्षांवरील गाडीची विमा-किंमत कंपनी आणि आपण यांच्या संमतीने ठरते. ती कमी लावली की हप्ता कमी होतो, आणि गाडी चोरीस गेल्यावर हाती येणारी रक्कमही तितकीच कमी होते.

पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर? पैनगंगेच्या काठच्या लोकांनी हे नीट ऐकावे. पावसाळ्यात सहस्रकुंडाकडे हौशी मंडळींच्या गाड्यांची रीघ लागते, वाटेत ओढे लागतात. पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दबत नाही. दट्ट्या त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेली इंजिनाची हानी साध्या पॉलिसीत बसत नाही असे कंपन्या म्हणतात. गाडी ढकलून काढावी, फोटो घ्यावेत, कंपनीला कळवावे.

देखभालीबद्दल फार बोलत नाही, कारण गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कोणी उघडत नसले तरी तिच्यात सारे असते. जुनी गाडी घरी आली की मागच्या मालकाचे ‘परवाच बदलले’ हे बोलणे बाजूस ठेवून ऑइल, त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट एकदम बदलावे. म्हणजे पुढचा हिशेब आपल्या हाती राहतो. रेडिएटरात बोअरचे पाणी घालू नये. आपल्याकडच्या जड पाण्याचा खार आत बसतो आणि मे महिन्यात गाडी तापते. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल तर तो केव्हा बदलला ते विचारावे, कारण तो तुटला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. टायरच्या कडेवर चार अंक असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असे समजू नये. आपल्या उन्हात उभ्या गाडीचे टायरही भेगाळतात. गोठ्याशेजारी किंवा कापसाच्या ढिगाजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. उंदराने वायर कुरतडली तर बिघाड शोधण्यातच मेस्त्रीचे दोन दिवस जातात. आणखी एक नवी बाब म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. २०२३ च्या आधीच्या पुष्कळ गाड्या त्यासाठी पूर्णपणे बनवलेल्या नाहीत. अशा गाडीतील पेट्रोलच्या रबरी नळ्या व पॅकिंग सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावीत, आणि ॲव्हरेज थोडे उतरले तर मेस्त्रीशी भांडू नये.

शेवटची चिठ्ठी एका विक्रेत्याची आहे, आणि ती आम्ही मुद्दाम मागे ठेवली. ते लिहितात : ‘गाडी दोन वर्षांपूर्वी विकली. घेणाऱ्याने नाव बदलले नाही. आता ती कोणाकडे आहे ठाऊक नाही. मला काही त्रास आहे काय?’ होय, आहे. हरियाणाकडील एका खटल्यात एका गृहस्थाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी गेली, आणि नोंदणी-पुस्तकात नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ठरवले की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने गाडीच्या मागोमाग एकेका खरेदीदाराच्या दारी हिंडत बसावे, असे कायद्याला अभिप्रेत नाही. आम्हांस हा निर्णय रास्त वाटतो. विकणाऱ्याला कठीण वाटेल, परंतु कागद दुरुस्त करणे त्याच्या हाती असते. रस्त्यावर पडलेल्याच्या हाती काहीच नसते.

या श्रोत्यांनी उद्याच कामास लागावे. विक्रीची पावती, पैसे बँकेत जमा झाल्याची नोंद आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत जोडून आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. परिवहन संकेतस्थळावर गाडीचा विमा आणि चलने यांची आजची स्थिती पाहावी. खरेदीदारास नोटीस पाठवावी, आणि गाडी सापडली तर त्याच्याबरोबर स्वतः जाऊन नाव बदलून घ्यावे. ज्यांना यापुढे गाडी विकावयाची आहे त्यांनी चावी देण्याआधी नमुना २९ ची नोंद करावी, आणि ताबापावतीवर तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गाडी दुपारी तीन वाजता दिली आणि तिचा अपघात त्याच संध्याकाळी झाला, तर वादात तारीख दोघांचीही एकच निघते.